फिरत्या चुंबकीय क्षेत्रात कण अडखळतो, डुलतो किंवा उलटा फिरतो: दोष कुठे शोधावा

सूक्ष्म चुंबकीय कण फिरत्या क्षेत्रात ठेवून त्यांच्या गतीचा अभ्यास करणे हा पदव्युत्तर भौतिकशास्त्राच्या प्रकल्पासाठी सोयीचा विषय आहे. कॉइलच्या दोन जोड्या, दोन चॅनेलचा ऑडिओ अँप्लिफायर, सूक्ष्मदर्शक आणि मोबाईलचा कॅमेरा एवढे साहित्य सोलापुरात जमवणे अवघड नाही, आणि कॉइल तर मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात २२ गेजच्या इनॅमल तारेने हव्या त्या मापात गुंडाळून मिळतात. मात्र या प्रयोगाबाबत एकच तक्रार दरवर्षी जवळजवळ त्याच शब्दांत कानावर येते. कमी वारंवारितेला कण क्षेत्राबरोबर नीट फिरतो, वारंवारिता वाढवत नेली की एका टप्प्यावर अडखळतो, मग जागच्या जागी डुलतो आणि कधी कधी चक्क उलट्या दिशेने फिरू लागतो. अशा वेळी कण बदलले जातात, नवा नमुना तयार केला जातो, काही दिवस बरे जातात आणि मग तीच तक्रार परत येते.

ती परत येते, कारण हे लक्षण निर्माण करणाऱ्या गोष्टी एकाहून अधिक आहेत आणि त्यांतील बहुतेकांचा कणाशी काही संबंध नसतो. कणाला हात लावण्यापूर्वी कॅमेरा, दिवा आणि कॉइलमधला प्रवाह तपासावा, असा माझा आग्रह आहे. तसे केले नाही तर नमुना बदलल्यावर आलेली सुधारणा खरी की योगायोगाची, हे सांगता येत नाही.

कणाकडून अपेक्षा काय ठेवावी

ज्याचे चुंबकीय आघूर्ण (चुंबक म्हणून त्याची ताकद आणि दिशा) कायम आहे, अशा कणाचा विचार आधी करू. निकेल किंवा कोबाल्टचा पातळ थर अर्ध्या भागावर चढवून नंतर तीव्र चुंबकाजवळ ठेवलेला गोल मणी हे याचे नेहमीचे उदाहरण होय. क्षेत्र फिरू लागले की कण त्याच्या मागे थोडा कोन राखून फिरतो, आणि त्या कोनामुळेच त्याच्यावर टॉर्क (फिरवणारा जोर) येतो. वारंवारिता वाढेल तसा पाण्याचा विरोध वाढतो, म्हणून हा कोनही वाढत जातो. कोन ९० अंशांवर पोहोचला की टॉर्क आपल्या कमाल मर्यादेला लागतो आणि त्यापुढे कण क्षेत्राला धरून राहू शकत नाही. सिंक्रोनस मोटरवर भार वाढवत नेल्यावर ती जशी एका क्षणी ताल सोडते, त्याच जातीची ही घटना आहे. या टप्प्याला स्टेप-आउट वारंवारिता किंवा उंबरठा म्हणतात.

गोल कणासाठी या मर्यादेचा कोनीय वेग काढायचा तर चुंबकीय आघूर्णाला क्षेत्राने गुणावे आणि आठ पाय (π) गुणिले श्यानता (द्रवाचा घट्टपणा) गुणिले त्रिज्येचा घन याने भागावे. आघूर्ण स्वतःच आकारमानाच्या प्रमाणात असेल, तर त्रिज्या दोन्हीकडून कटते आणि चुंबकन (एकक आकारमानातले आघूर्ण) गुणिले क्षेत्र भागिले सहापट श्यानता एवढेच उरते. म्हणजे समान चुंबकन असलेल्या लहानमोठ्या कणांचा उंबरठा सारखाच असतो. मोठा कण जड, म्हणून तो आधी मागे पडेल, ही समजूत इथे लागू पडत नाही. आकडा डोळ्यांसमोर असावा म्हणून चुंबकन १००० अँपिअर प्रति मीटर, क्षेत्र १ मिलिटेस्ला आणि ३० अंश सेल्सिअसच्या पाण्याची श्यानता ०.८ मिलिपास्कल-सेकंद धरली, तर उंबरठा सुमारे ३३ हर्ट्झला येतो.

उंबरठ्याच्या पलीकडे कण थांबत नाही. तो थोडा पुढे जातो, झटक्याने मागे येतो, पुन्हा पुढे जातो आणि एकंदरीत हळूहळू पुढेच सरकत राहतो. त्याचा सरासरी वेग क्षेत्राच्या वेगातून एक वर्गमूळ वजा करून मिळतो, आणि ते वर्गमूळ क्षेत्राच्या वेगाचा वर्ग वजा उंबरठ्याचा वर्ग याचे असते. वारंवारिता उंबरठ्याच्या दुप्पट केली की सरासरी वेग उंबरठ्याच्या फक्त २७ टक्क्यांच्या आसपास राहतो. रॉबर्ट अॅडलर यांनी १९४६ मध्ये ऑसिलेटर एकमेकांना कसे बांधले जातात यासाठी मांडलेले समीकरण गणिती रूपाने हेच आहे. यातून तपासणीसाठी एक पक्की खूण मिळते: खऱ्या स्टेप-आउटमध्ये कणाचा सरासरी वेग कधीही उलटा होत नाही. व्हिडिओत कण सतत उलट दिशेने फिरत असेल, तर कणाचा विचार सोडून कॅमेऱ्याकडे वळावे.

पहिली चाचणी: प्रवाह निम्मा करणे

अडखळण्याची वारंवारिता सापडली की दोन्ही कॉइलमधला प्रवाह निम्मा करावा आणि ती वारंवारिता पुन्हा शोधावी. कायम आघूर्णाच्या कणासाठी ती निम्म्यावर यायला हवी. सुपरपॅरामॅग्नेटिक (क्षेत्र काढले की चुंबकत्व न उरणाऱ्या) मण्यांच्या जोडीसाठी किंवा लहान साखळीसाठी ती एक चतुर्थांशावर यायला हवी, कारण तिथे आघूर्ण क्षेत्रानेच निर्माण होत असल्याने टॉर्क क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वारंवारिता जागची हललीच नाही, तर तो उंबरठा कणाचा नाही. ही चाचणी थोड्याच वेळात होते, तिला नवे साहित्य लागत नाही, आणि तरीही ती सर्वांत शेवटी केली जाते याचे मला नेहमी नवल वाटते.

एकटा सुपरपॅरामॅग्नेटिक मणी क्षेत्राबरोबर फिरतच नाही, अशी तक्रारही येते. तो बिघाड नव्हे. पूर्ण गोल आणि सर्व दिशांना सारख्या असणाऱ्या मण्याचे आघूर्ण क्षेत्राच्या दिशेतच निर्माण होते, त्यामुळे टॉर्कसाठी लागणारा कोनच तयार होत नाही. प्रत्यक्षातले मणी थोडेसे असमान असतात म्हणून ते सावकाश फिरतात, पण त्यांनी क्षेत्राची बरोबरी करावी, अशी अपेक्षा ठेवू नये.

कॅमेरा आणि दिवा

मोबाईलचा कॅमेरा सर्वसाधारणपणे सेकंदाला ३० चित्रे घेतो. एका बाजूला खूण असलेला कण १५ हर्ट्झपर्यंतच त्यात खरा दिसतो. २८ हर्ट्झने फिरणारा कण सेकंदाला दोन फेऱ्या उलट्या घेताना दिसतो, ३० हर्ट्झला स्तब्ध दिसतो आणि ३२ हर्ट्झला सावकाश पुढे जाताना दिसतो. वर काढलेला खरा उंबरठा ३३ हर्ट्झला होता, हे लक्षात घेतले म्हणजे घोटाळा किती सहज होतो ते कळेल; कॅमेऱ्याने निर्माण केलेले संथ फिरणे आणि खऱ्या स्टेप-आउटनंतरचे संथ फिरणे शेजारी शेजारी येऊन बसतात.

दोन मण्यांच्या जोडीबाबत ही मर्यादा आणखी खाली येते आणि हा मुद्दा फार थोड्यांच्या ध्यानात असतो. दोन्ही मणी सारखे असल्याने जोडी अर्धी फेरी फिरली तरी तशीच दिसते, म्हणून ३० चित्रांच्या कॅमेऱ्याला ती ७.५ हर्ट्झपर्यंतच खरी पकडता येते. १५ हर्ट्झला जोडी पडद्यावर खिळून बसल्यासारखी दिसते, प्रत्यक्षात ती सुरळीत फिरत असते. मोबाईलमध्ये २४० चित्रांची स्लो-मोशन सोय असेल, तर जोडीसाठीची मर्यादा ६० हर्ट्झपर्यंत जाते आणि बहुतेक प्रकल्पांना तेवढे पुरते. मात्र प्रकाश कमी असला की काही फोन चित्रांचा वेग आपणहून कमी करतात, म्हणून फाइलची माहिती उघडून प्रत्यक्ष वेग पाहून घ्यावा.

दिव्याचा प्रश्न याहून फसवा आहे. घरगुती विजेवर थेट चालणारे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. ट्यूबलाइटखाली पंखा उलटा फिरताना दिसतो तो याच कारणाने, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ५० हर्ट्झने फिरणारी जोडी नुसत्या डोळ्यांनाही थांबलेली वाटते ती याच कारणाने. सूक्ष्मदर्शकाचा दिवा बॅटरीवर किंवा डीसी पुरवठ्यावर चालवावा; त्यानंतरही ५० किंवा १०० हर्ट्झच्या आसपास काही घडत असेल, तर ते खरे मानून पुढे जावे.

कॉइलपर्यंत प्रवाह खरोखर पोहोचतो का

सिग्नल जनरेटरवर दिसणारा आकडा हा क्षेत्राचा आकडा नव्हे, आणि बहुसंख्य तक्रारींचे मूळ मला इथे सापडले आहे. प्रत्येकी १०० वेढ्यांची, ५ सेंटिमीटर त्रिज्येची हेल्महोल्ट्झ जोडी (त्रिज्येएवढ्या अंतरावर समोरासमोर ठेवलेल्या दोन सारख्या कॉइल) घेतली तर तिच्या मध्यावर दर अँपिअरला १.८ मिलिटेस्ला क्षेत्र मिळते. आतली जोडी ३.५ सेंटिमीटर त्रिज्येची असेल, तर तेवढ्याच वेढ्यांत दर अँपिअरला २.५७ मिलिटेस्ला मिळते. दोन्हींत सारखा प्रवाह सोडला तर क्षेत्राचे टोक वर्तुळात न फिरता लंबवर्तुळात फिरेल, ज्याचा मोठा अक्ष लहान अक्षाच्या १.४ पट असेल. म्हणून आतल्या जोडीचा प्रवाह त्या प्रमाणात कमी ठेवावा लागतो.

दुसरी अडचण इंडक्टन्सची. बाहेरच्या जोडीचा रोध २.७ ओहम आणि इंडक्टन्स ३ मिलिहेन्री, आतल्या जोडीचा रोध १.९ ओहम आणि इंडक्टन्स १.६ मिलिहेन्री धरू. या मापाच्या कॉइलसाठी हे आकडे वास्तवाला धरून आहेत. व्होल्टेज तेच ठेवून २०० हर्ट्झला गेले, तर बाहेरच्या जोडीतला प्रवाह मूळच्या ५८ टक्क्यांवर आणि आतल्या जोडीतला सुमारे ६९ टक्क्यांवर येतो. शिवाय दोन्ही प्रवाह आपापल्या व्होल्टेजच्या मागे अनुक्रमे ५४ आणि ४७ अंशांनी पडतात, म्हणजे जनरेटरवर ९० अंशांचे कलांतर (दोन लहरींमधला फेजचा फरक) लावलेले असले तरी कॉइलमध्ये त्यात ७-८ अंशांची तफावत आलेली असते. वारंवारिता वाढवताना कण मागे पडला असे वाटते, पण आधी क्षेत्रच मागे पडलेले असते.

खालच्या टोकालाही सापळा आहे. ऑडिओ अँप्लिफायर गाण्यांसाठी बनवलेला असतो, त्यामुळे २० हर्ट्झच्या खाली त्याचे वर्धन घसरते आणि कलाही सरकते. १ किंवा २ हर्ट्झला कण नीट फिरत नाही पण १५ हर्ट्झला फिरतो, असे उफराटे वर्तन दिसले तर अँप्लिफायरवर संशय घ्यावा.

उपाय असा. प्रत्येक जोडीच्या मालिकेत ०.१ ओहमचा, पुरेशा वॅटचा रोधक जमिनीच्या बाजूला लावावा आणि दोन्ही रोधकांवरील व्होल्टेज ऑसिलोस्कोपच्या दोन चॅनेलना देऊन एक्स-वाय मोड लावावा. दोन्ही चॅनेलचे मापक त्या त्या कॉइलच्या दर-अँपिअर क्षेत्रानुसार जुळवून घेतले की पडद्यावर वर्तुळ दिसायला हवे. वारंवारितेचे बटण सावकाश फिरवले की ते वर्तुळ आधी किंचित आक्रसते, मग एका बाजूला कलते आणि लंबवर्तुळ होऊ लागते. क्षेत्र बिघडताना असे डोळ्यांनी पाहिल्यावर पुढचे समजावून सांगावे लागत नाही. प्रत्येक वारंवारितेला अँप्लिफायरच्या दोन्ही चॅनेलचा आवाज (व्हॉल्यूम) आणि कलांतर पुन्हा जुळवून वर्तुळ परत आणावे आणि मगच निरीक्षण नोंदवावे. मात्र अँप्लिफायर ब्रिज पद्धतीचा असेल, तर त्याचे एकही टोक जमिनीला जोडलेले नसते. ऑसिलोस्कोपची जमीन त्याला लावली की अँप्लिफायर जळू शकतो. अशा ठिकाणी वेगळी डिफरन्शियल प्रोब वापरावी किंवा नमुन्याच्या जागी हॉल प्रोब ठेवून क्षेत्रच मोजावे. मोबाईलमधला चुंबकमापक पृथ्वीचे क्षेत्र पाहण्यापुरता ठीक आहे. मिलिटेस्लाच्या पलीकडे त्याच्यावर विसंबू नये.

कण एक हर्ट्झलाही पूर्ण फेरी न घेता फक्त पुढेमागे होत असेल किंवा साखळी एकाच रेषेत उभी राहत असेल, तर एक जोडी बंद आहे असे समजावे. वाइंडिंगच्या दुकानातून आलेल्या कॉइलमध्ये तारेच्या टोकावरचे इनॅमल पुरते खरवडलेले नसते, आणि वरून सोल्डर चमकत असला तरी आत सांधा लागलेला नसतो. जोडीतील एक कॉइल उलटी जोडली गेली असेल, तर मध्यावर क्षेत्र जवळजवळ शून्य होते आणि कण फिरण्याऐवजी एका कडेला वाहत जातात. कॉइलमधून थोडा डीसी प्रवाह सोडून मध्ये साधे होकायंत्र धरले की हे लगेच उघड होते.

एका फेरीत किती वेळा अडखळतो

कण सगळीकडे सारखा फिरत नाही, पण सरासरीने क्षेत्राबरोबर राहतो, अशा वेळी एका फेरीतले अडखळणे मोजावे. प्रत्येक फेरीत दोनदा अडखळत असेल, तर क्षेत्र लंबवर्तुळाकार आहे. एकदाच अडखळत असेल, तर बाहेरचे एखादे स्थिर क्षेत्र मिसळलेले आहे. सोलापूरच्या अक्षांशावर पृथ्वीचे क्षेत्र ०.०४ मिलिटेस्लाच्या आसपास असते आणि त्याचा बहुतेक भाग आडवा असतो. फिरते क्षेत्र १ मिलिटेस्ला असेल, तर ते दुर्लक्षिता येते. पण उंबरठा खाली आणण्यासाठी फिरते क्षेत्र ०.२ मिलिटेस्लापर्यंत उतरवले, तर एका फेरीत एकूण क्षेत्र ०.१६ ते ०.२४ असे हलते आणि कण दर फेरीला त्याच दिशेत रेंगाळतो. सगळी मांडणी टेबलावर काटकोनात फिरवून पाहावी: रेंगाळण्याची दिशा खोलीला धरून राहिली तर क्षेत्र बाहेरचे, मांडणीबरोबर फिरली तर दोष मांडणीतला, बहुधा स्टेजच्या पोलादी स्क्रूचा किंवा स्प्रिंगचा. नमुन्याचा धारक अॅक्रिलिकचा करून घेणे उत्तम.

बाहेरच्या क्षेत्राची ही धास्ती जुनीच आहे. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय मोजणी १९०४ मध्ये अलिबागला हलवण्यात आली होती. आपल्याला गाव बदलावे लागत नाही. स्पीकर, मोटर आणि अँप्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर नमुन्यापासून मीटरभर लांब ठेवला तरी चालते.

उन्हाळ्यात आकडे का सरकतात

जानेवारीत काढलेला उंबरठा एप्रिलमध्ये जुळत नाही, याचे कारण पाण्याच्या श्यानतेत आहे. ३० अंशांना ०.८० असलेली श्यानता ४० अंशांना ०.६५ होते, आणि तेवढ्याने उंबरठा २२ टक्क्यांच्या आसपास वर जातो. सोलापुरात मे महिन्यात दुपारी खोलीच चाळिशीला टेकते, त्यात कॉइलची उष्णता मिळाली की नमुना त्याहून गरम होतो. याउलट तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे कॉइल ३० वरून ७० अंशांवर गेली तर तेवढ्याच व्होल्टेजला कमी वारंवारितेचा प्रवाह १४ टक्क्यांच्या आसपास घटतो आणि उंबरठा खाली येतो. हे दोन परिणाम एकमेकांना झाकतात. आकडा स्थिर दिसतो म्हणून मांडणी ठीक आहे असे मानले जाते, आणि पंखा लावताच किंवा कॉइल थंड होताच सगळे बिघडते. नमुन्याशेजारी बारीक थर्मोकपल ठेवावे, प्रवाह रोधकावर वाचत राहावे आणि प्रत्येक निरीक्षणानंतर कॉइल बंद करावी.

श्यानतेचा हाच गुण पडताळणीसाठी उपयोगी पडतो. वजनाने ५० टक्के ग्लिसरॉल असलेले पाणी २० अंशांना साध्या पाण्याच्या सहापट श्यान असते, म्हणून कण तेच ठेवून द्रव बदलला की उंबरठा सहाव्या हिश्श्यावर यायला हवा. ग्लिसरॉल हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे मिश्रण ताजे करावे.

काचेला चिकटणारे आणि उगाच हलणारे कण

वरचे सगळे तपासूनही काही कण फिरत नाहीत, तेव्हा ते बहुधा तळाच्या काचेला चिकटलेले असतात. कण आणि काच दोघांवरही ऋण प्रभार असतो आणि तोच त्यांना दूर ठेवतो, पण पाण्यात क्षार असले की हा प्रभार झाकला जातो. १ मिलिमोलर मिठाच्या द्रावणात त्याचा पल्ला १० नॅनोमीटरच्या आसपास उरतो, १०० मिलिमोलरला तो एका नॅनोमीटरवर येतो. आपल्याकडच्या बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात नमुना केला, तर कण चिकटणारच. डीआयोनाइज्ड पाणी घ्यावे, त्यात ०.१ टक्का ट्वीन-२० (साबणासारखा पदार्थ) घालावे, आणि थेंब उघडा न ठेवता कव्हरस्लिपच्या कडा नेलपॉलिशने बंद कराव्यात. सोलापुरच्या कोरड्या हवेत उघडा थेंब पाहता पाहता आटतो आणि त्यातले प्रवाह कणांना ओढत नेतात.

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या शेजारी खोली असेल, तर कंपनांचाही विचार करावा. काचेवर चिकटलेला धुळीचा एखादा कण शोधून त्याच्याकडे पाहावे. तोही डुलत असेल, तर टेबल डुलते आहे. सूक्ष्मदर्शकाखाली जाड फरशी आणि तिच्याखाली रबराचे तुकडे ठेवले की बऱ्यापैकी फरक पडतो, नाहीतर माग बंद असतात तेव्हा निरीक्षणे घ्यावीत.

आणि एवढे करून कोणाला विचारायची वेळ आलीच, तर नुसता व्हिडिओ पाठवू नये. दोन्ही कॉइलमधले कमाल प्रवाह, त्यांतील कलांतर, चित्रांचा प्रत्यक्ष वेग, दिवा कशावर चालतो, द्रव कोणता, नमुन्याचे तापमान किती आणि प्रवाह निम्मा केल्यावर अडखळण्याची वारंवारिता कुठे गेली, एवढे लिहून द्यावे; उत्तर देणाऱ्याला त्याशिवाय काहीच ठरवता येत नाही.